एक्केचाळिसावी गाठ

मोहटोल्याच्या सत्यभामाबाईला तोंड आहे, हे सगळ्या तुमसर तालुक्याला ठाऊक. पण तिच्या हाताला चवही आहे, म्हणून तोंडाचं लोक चालवून घेतात. लग्न असो, तेरवी असो, आंबागडच्या आसपासच्या पाचसात गावांत मोठी चूल पेटली की पहिलं बोलावणं हिला. दोनशे माणसांचा भात ती नजरेने टाकते. मीठ चाखून बघत नाही, वाफेवरून सांगते. एकदा एका नवरदेवाच्या काकाने वरणाला नाव ठेवलं, तर हिने भर पंगतीत झारा आपटून विचारलं, "घरी तुम्ही रांधता का बायको? तुम्ही रांधत असाल तर या इकडं, मी बसतो पंगतीत." काका निमूट जेवला, वर दोनदा वरण मागून घेतलं.

आता एवढी तिखट बाई, पण घरातल्या एका शपथेला अकरा वर्षं भिऊन राहिली, हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

गोंदिया जिल्हा अजून भंडाऱ्यातच होता तेव्हाची गोष्ट. धानाची मळणी करायला मध्य प्रदेशातून मशीनवाले आले. त्यांच्यात लखनादौनचा अश्विन नावाचा पोरगा होता, परजातीचा, हातात नेहमी पाना आणि बोटं काळी. मळणी संपली, मशीन परत गेलं आणि आठ दिवसांनी सत्यभामाबाईची एकुलती एक रंजिता त्याच्यामागे गेली. नवरा तुलाराम तसा गरीब माणूस, जन्मात कोणाला अरे म्हणाला नाही. पण त्या दिवशी खळ्यावरच्या राशीतलं मूठभर धान उचलून तो म्हणाला, "ह्या घरातलं कोणी तिच्या दारात जाईल, तर मले ह्या अन्नाची शपथ." शपथ घेणारा तो आणि पाळणारी ही. तीन वर्षांपूर्वी तुलाराम वारला. म्हणजे आता अडवणारं कोणी नव्हतं. तुमसर, कटंगी, सिवनी, तीन गाड्या बदलल्या की लखनादौन. दोनशे किलोमीटरही होत नाही. पण पाय निघेना. मेलेल्या नवऱ्याचा शब्द मोडला असं गाव म्हणेल, याची बाईला भीती. चारचौघांत झारा आपटणारी बाई, पण एकटीने पिशवी घेऊन शिवेबाहेर पडायची छाती झाली नाही. माणसाचं असंच असतं बाप्पा, कुठे वाघ आणि कुठे शेळी होईल काही नेम नाही.

या सगळ्या वर्षांत रंजिताची खबर आणली ती कुसुमने. कुसुम म्हणजे तुलारामची धाकटी बहीण, सत्यभामाबाईची नणंद. ऐन जवानीत नवरा गेला तेव्हा माहेरी आली ती कायमचीच. रंजिता तिच्याच मांडीवर वाढली. गाव तिला कुसुमताई म्हणतं. तुमसरच्या बाजाराला गेली की बूथवरून भाचीला फोन लावायची आणि घरी येऊन चुलीपाशी हळूच सांगायची, वयनी, पोरगा झाला. वयनी, निकेश नाव ठेवलं. वयनी, आता शाळेत जाते. अश्विनने हमरस्त्यावर पंचरचं दुकान टाकलंय, दुकानावर मोठा टायर टांगला आहे. सत्यभामाबाईने नातवाला पाहिलेलं नव्हतं, पण त्याचे पुढचे दोन दात कोणत्या महिन्यात पडले हे तिला माहीत होतं. ते सगळं कुसुममुळे. सख्खी बहीण काय करेल एवढं!

आणि मग दोन हजार नऊच्या माघात भैय्यालालजींनी यात्रेची गाडी काढली. भैय्यालालजी म्हणजे गावातला राइस मिलवाला, दर तीन वर्षांनी यात्रा काढणारा, पांढरी टोपी, हातात मोबाइल. सत्यभामाबाईच्या दारात येऊन म्हणाले, "जगन्नाथपुरी, गंगासागर, गया, काशी, प्रयाग. अठरा दिवस. चाळीस माणसं आहेत. रांधायले तुम्ही चला, तुमचं तिकीट माफ."

"येतो," ती म्हणाली. "येताना जबलपूरवरून येणार ना? मंग लखनादौनले एक घंटा गाडी थांबली पाहिजे. माही पोरगी राहते तिथं."

"एक कायले, दोन घंटे थांबू!"

"दोन नको. एकच द्या, पण द्या."

तीर्थ करून येताना वाटेत लेक भेटली, तर कोण काय बोलणार? शपथ तर तिच्या दारात जायची होती. गाडी रस्त्यावर थांबणार, लेक रस्त्यावर येणार. अकरा वर्षांनी बाईला ही फट सापडली होती. निघायच्या दिवशी शिवेवरच्या मारोतीसमोर तिने चाळीसही जणांना ऐकू जाईल असं पुन्हा विचारलं. भैय्यालालजी मारोतीकडे हात करून म्हणाले, "शब्द दिला." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, आम्हीपण पाहू की नातू.

मोहटोल्याची एक रीत इथेच सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. यात्रेला निघताना मारोतीपाशी एक कोरं धोतर धरतात आणि जाणारा प्रत्येक जण त्याच्या काठाला आपल्या हाताने एक गाठ बांधतो. परत आलं की ज्याची गाठ त्यानेच सोडायची. कोणी वाटेत देवाघरी गेला, तर त्याच्या रक्ताचा माणूस सोडतो. पण जिवंत माणसाची गाठ त्याच माणसाने सोडायची. सगळ्या गाठी सुटल्या की धोतर अंथरतात, त्यावर गंगेच्या लोट्या ठेवतात, पूजा होते आणि मग यात्रेकरू शीव ओलांडून घरात जातात, गावजेवण होतं. एक जरी गाठ राहिली तरी कोणी हलायचं नाही. मागे मारोतराव नागपूरच्या स्टेशनावर चुकला, तेव्हा सगळी यात्रा दीड दिवस शिवेवर बसून होती. आपलं घर समोर दिसतंय, आणि जाता येत नाही. मारोतरावला त्यावरून अजून टोमणे बसतात.

या खेपेला गाठी एक्केचाळीस झाल्या. सत्यभामाबाईची शेवटची. तिने ती करकचून बांधली. पोरीले पाहून आली की सोडीन, एवढंच मनात म्हणाली.

गाडी चांगली होती, पडद्याची. प्रत्येक खिडकीला निळा झालरीचा पडदा. यात्रेला बरोबर आलेल्या कुसुमला त्या पडद्यांचं भारी कौतुक. उघड, लाव, पुन्हा उघड. पण खिडकीची जागा सत्यभामाबाईची, कारण तिला गाडी लागते. घाट आला की पोटातलं सगळं वर येतं. कुसुम तिच्या शेजारी बसून ओकारीची गोळी द्यायची, अर्धी मोडून. गोळीने झोप येते आणि झोपून कसं चालेल, गाडी थांबली की चूल पेटवायची असते.

कटकपर्यंत गाडीत भजनं चालली. पुरीला सगळे एकमेकांना देव दाखवत होते. गंगासागरपर्यंत हे असंच. मग हळूहळू भजनं दुपारची बंद झाली, सकाळची बंद झाली. गयेला गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तो मिळायला दीड दिवस गेला. काशीहून निघाल्यावर गाडीत कोणी कोणाशी धड बोलेना. पाय सुजून चपलेत मावेनात. कोणाची पिशवी कोणाच्या डोक्यावर पडली यावरून भांडण, कोण घोरतं यावरून भांडण, लोटी कोणाच्या पायाला लागली यावरून तर दोन सख्ख्या व्याह्यांनी तोंडं फिरवली. देव पाहून पाहून माणसं आंबली होती. ज्याला त्याला आपली खाट आठवत होती.

आणि सत्यभामाबाई? तिला थकायला कोणी सवडच दिली नाही. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. गंजात भात ढवळून तिचा उजवा खांदा वर जाईना. मारोतरावच्या बापाचं पिंडदान होतं, तर पहाटे चारला उठून पिंडाचा भात हिने केला. केशवरावचा साळा खडगपूरला रेल्वेत, त्याच्यासाठी गाडी तीन तास थांबली. साळ्याने चहा पाजला, तोही बिनसाखरेचा. काशीला चंद्रकांताबाईला सुनेसाठी शालू घ्यायचा होता, त्यात अर्धा दिवस गेला. ज्याचं त्याचं थांबायचं ठिकाण होतं आणि सत्यभामाबाई कुठेही कुरकुरली नाही. उलट म्हणाली, "घ्या, पाहा, भेटा. माहं ठिकाण शेवटी आहे."

शेवटचा मुक्काम जबलपूरला, नर्मदेच्या घाटावर धर्मशाळेत. संध्याकाळी तिने बूथवरून रंजिताला फोन लावला. आवाज ऐकून आधी दोघी नुसत्या रडल्या. मीटर पळत होतं तिकडे लक्ष गेल्यावर म्हणाली, "उद्या आठ वाजता. लाल साडी नेस, मले दुरून दिसली पाहिजे."

"मी सातपासूनच उभी राहतो आई. अन् हे पाह्य, निकेशले सांगितलं, तुही आजी लय मोठ्या गाडीत येऊन राहिली."

परत येऊन तिने पिशवी लावली. घरून आणलेलं चिन्नोर तांदळाचं गाठोडं, लाखोळीची डाळ, रंजितासाठी काशीच्या बांगड्या, नातवासाठी लाकडी घोडा. मग नळावर गंज घासायला बसली. पलीकडे ओट्यावर सगळी मंडळी भैय्यालालजींच्या भोवती जमली होती. गावाहून फोन आला होता, एवढं तिच्या कानावर पडलं. ती गंज घेऊन जवळून गेली तर सगळे एकदम गप्प. चंद्रकांताबाई उगाच हसली. सत्यभामाबाईला वाटलं, आपल्याला साडी देणार असतील. काशीत या बायका कुजबुजत एक हिरवी साडी घेताना तिने पाहिल्या होत्या. बिचारी मनात सुखावली. म्हणाली, देऊ द्या, आपण आधी नको नको म्हणू.

सकाळी साडेपाचला गाडी निघाली. कुसुमने चहाबरोबर गोळी दिली. अर्धी नाही, दोन.

"दोन काहून वो?"

"आज पुरा घाटच आहे म्हणते वयनी. पोरीसमोर ओकत उतरशील का?"

हे पटण्यासारखं होतं. शिवाय कुसुमच्या हातचं होतं. तिने विचार केला नाही. मग कुसुम म्हणाली, आज मले खिडकी दे, अठरा दिवस मागून राहिली. हिने तीही दिली. "लखनादौन आलं की हलव मले," म्हणाली, आणि बरगीच्या आतच डोळे मिटले.

जागी झाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गाडी एका ढाब्यापाशी उभी. तोंड कोरडं पडलेलं, डोकं जड. ती खाली उतरली आणि बोनेट पुसणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, "लखनादौन कब आएगा भाऊ?"

"वो तो कब का निकल गया माताजी. ये सिवनी है."

तिला आधी वाटलं हा मस्करी करतो. मग तिने ढाब्यात बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. एकाचंही डोकं वर नव्हतं. सगळे असे चहा पीत होते की जणू कपातच देव आहे. भैय्यालालजी उठून आले.

"अवो सत्यभामाबाई, गाडी हळू केली होती. पण तुमची पोरगी दिसलीच नाही. कोणी उभंच नव्हतं. मंग तुमची झोप कायले मोडायची?"

"कोणी नव्हतं?"

"कुसुमताईले विचारा."

कुसुम पायाला तेल चोळत बसली होती. म्हणाली, "मी खिडकीतच होती ना वयनी. कोणीच नव्हतं."

कुसुम म्हणते म्हणजे नसेलच. सत्यभामाबाईने कमरेचा नंबराचा कागद काढला. पोरगी आली नाही. अकरा वर्षांचा राग होता तर तोही बरोबरच आहे, आपण तरी कधी गेलो? असं मनाला समजावत ती ढाब्याशेजारच्या बूथमध्ये शिरली. कागदावरचा नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला रंजिताने उचलला.

"कायले फोन केला आता?"

"रंजिता..."

"सातपासून उभी होती मी! लाल साडी नेसून, पोराले आंघोळ घालून. गाडी आली, मी हात केला, पोरानं हात केला. गाडी हळूसुद्धा नाही झाली. आत्या होती खिडकीत. माह्या डोळ्यात पाहिलं तिनं आई, अन् पडदा ओढला. तू काल दिलेल्या भैय्यालालजीच्या नंबरवर ह्यांनी दहा वेळा लावला, बंद. तुले भेटायचं नव्हतं तर बोलावलं काहून? पोरगा विचारून राहिला, आजी झोपली होती का. काय सांगू मी त्याले?"

फोन कटला. बूथवाला म्हणाला, माताजी, पैसे. तिने पैसे दिले, सुटे परत घेतले, नीट मोजून कमरेला लावले. हात आपलं काम करत होते.

बाहेर येऊन ती कुसुमसमोर उभी राहिली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर चाळीस माणसांना बरं वाटलं असतं, कारण तिच्या ओरडण्याची सवय होती सगळ्यांना.

"कुसुम, लाल साडी होती तिची."

कुसुमचा हात पायावरच थांबला.

"तू पडदा ओढला."

"वयनी..." कुसुमला रडू फुटलं. "थकली होती वो मी. पाय पाहा माहे, खांब झाले. सगळेच म्हणून राहिले होते, ती उतरली की रडारड होईल, एक घंट्याचे चार होतील, जावई चहा करील. तिकडं गावात रांधणं झालं, बाजा बोलावला, एकदा तारीख पुढं ढकलून झाली, दिवस मावळला तर पूजा राहते. भैय्यालालजी म्हणाले, कुसुमताई, तुम्हीच सांभाळा त्याईले. मी काय करू?"

"गोळ्या?"

कुसुमने तेलाचा हात पदराला पुसला.

"अन् पडदा? पडदा कोण सांगितला?"

"तो कोणी नाही सांगितला. तिनं माह्याकडं पाहिलं ना, मले सहन नाही झालं."

नुसतं ह्या बाकीच्यांनी फसवलं असतं तर सत्यभामाबाईने चाळीस शिव्या मोजून दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. मारोतराव, केशवराव, चंद्रकांता, ही सगळी तिच्या हातचं खाऊन तोंड पुसणारी माणसं, त्यांचं काय एवढं? पण हे कुसुमने केलं. जिच्या मांडीवर रंजिता झोपायची तिनेच पडदा ओढला. आणि कशासाठी? वैर नाही, लोभ नाही. घरी जाऊन पाय लांब करायचे होते. एवढ्यासाठी! सत्यभामाबाईला वाटलं, काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, निदान रागवायला काही धरता आलं असतं.

"मी नव्हती थकली?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूही गेला नाही.

तेवढ्यात भैय्यालालजींना वाटलं आता वेळ झाली. त्यांनी चंद्रकांताबाईला खूण केली आणि हिरवी साडी पुढे आली, वर नारळ ठेवलेली. "सत्यभामाबाई, तुम्ही सगळ्याइले अन्नपूर्णेसारखं खाऊ घातलं. हा आमचा मान. मन मोठं करा. पोरगी काय, पुढल्या वर्षी भेटंल. आता बसा गाडीत, चार वाजेपर्यंत शिवेवर पोचलं पाहिजे."

सत्यभामाबाईने साडीकडे पाहिलं. मग गाडीच्या मागे गेली, डिकीतल्या भांड्यांत हात घालून झारा काढला आणि भैय्यालालजींच्या हातात दिला.

"घ्या. आता तुम्ही रांधा."

आपली पिशवी काढली, घोड्याचं लाकडी डोकं वर दिसत होतं ते आत दाबलं आणि रस्त्याच्या पलीकडे चालायला लागली. आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही. मारोतरावच्या आलं. चुकलेल्या गाठीची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक? तो ओरडला, "अरे, तिची गाठ!"

मग जी धावपळ झाली! सुजलेले पाय, दुखरे गुडघे, सगळे तिच्यामागे. भैय्यालालजी हातात झारा घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"अवो बाई, तुम्ही नाही तर गाठ कोण सोडंल? चाळीस माणसं शिवेवर बसून राहतील. गाव उपाशी राहील!"

"पडदा ओढताना मले इचारलं होतं का? मंग गाठीचं काहून इचारता?"

"गाडी वळवू आम्ही! दोन घंटे थांबू!"

"एकच मागितला होता मी," ती म्हणाली. "तो तुम्ही खाल्ला."

कुसुम सगळ्यांच्या मागून लंगडत आली. तिने पिशवीचा बंद धरला. "वयनी, मीपण येतो. तिच्या पाया पडतो." सत्यभामाबाईने तिचं बोट न् बोट सोडवून बंद मोकळा केला, आणि तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढा ड्रायव्हर पुढे आला. म्हणाला, माताजी, लखनादौन की बस उस पेड के नीचे मिलेगी. त्याने पिशवी उचलून झाडापर्यंत नेऊन दिली. अठरा दिवसांत तिचं ओझं उचलणारा तो पहिलाच.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. गोळी घेतली नव्हती, दोनदा ओकली. पण डोळे उघडे ठेवले. ज्या रस्त्याने ती झोपेत गेली होती तो सगळा रस्ता तिने उलटा पाहून घेतला. घरापासून तीन गाड्यांचाच तर रस्ता, ज्याच्यासाठी ती अकरा वर्षं कोणाची तरी सोबत शोधत होती, आणि सोबतीने गेली तर हे असं झालं. एकटीला तिकीट काढायला कितीसा वेळ लागला? तिला स्वतःचाही राग आला.

टांगलेला टायर लांबूनच दिसला. काळ्या बोटांचा एक माणूस ट्रकचं चाक खोलत बसला होता. त्याने वर पाहिलं, पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि पाया पडला. मागच्या खोलीत रंजिता भांडी घासत होती, अजून लाल साडीतच. तिने मान वळवली नाही.

"आता कायले आली?"

"मले दोन गोळ्या देऊन झोपवलं होतं," ज्या दाराची शपथ होती त्याच दारात उभी राहून सत्यभामाबाई म्हणाली. "तुह्या आत्यानं. सिवनीले जागी झाली. उतरून आली."

रंजिता वळली. तिने आईच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "गाडी?"

"गेली."

"एकटी आली तू?"

"हाव."

मग दोघींना काय झालं ते सांगण्यासारखं नाही. नातवाने घोड्याला चाकं आहेत का ते आधी पाहिलं, आहेत म्हटल्यावर आजी मान्य केली. बऱ्याच वेळाने रंजिता नाक पुसत म्हणाली, "आत्यानं केलं? माह्या आत्यानं?" आणि पुन्हा रडली. ते रडणं वेगळं होतं आणि सत्यभामाबाईकडे त्याच्यावर काही उपाय नव्हता, कारण तिचंही तेच चाललं होतं. कुसुमशिवाय आता तुमसरहून खबर कोण आणणार, चुलीपाशी हळूच कोण सांगणार, असं एक खुळं काहीतरी तिच्या मनात आलं. मग लक्षात आलं, आता खबर आणायची गरजच नाही. आणि तरी जीव कुसुमसाठीच तुटत होता.

सवयीने ती चुलीकडे सरकली. "तांदूळ काढ, चिन्नोर आणला आहे. मी रांधतो."

"तू बस," रंजिता म्हणाली. "आज मी रांधतो."

सत्यभामाबाई बसली. अठरा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्यासाठी भात टाकला. मीठ थोडं कमी होतं, वाफेवरूनच कळलं. तरी तिने भात दोनदा मागून घेतला.

साडेपाचच्या सुमाराला अश्विनचा मोबाइल वाजला. त्याने ऐकून घेतलं आणि फोन सासूपुढे धरला. पलीकडे बाजा वाजत होता, मग कोणीतरी तो थांबवला. कुसुमचा आवाज आला. "वयनी, चाळीसही गाठी सुटल्या वो. तुहीच बाकी आहे. सगळे शिवेवर बसून आहेत, भात गार होऊन राहिला. कधी येशील? आज जीप पाठवू का? तुह्या पाया पडतो वयनी, सगळे थकले वो."

सत्यभामाबाईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मारोतीची शीव तिला दिसत होती. निंबाखाली बसलेली माणसं, समोर त्यांची घरं, धोतराच्या काठाला तिने स्वतः करकचलेली एकच गाठ. कुसुम रडत होती, आणि ते रडणं तिला पाठ होतं. तीस वर्षं तिनेच ते पुसलं होतं. एक क्षण तोंडात शब्द आला, येतो म्हणून.

मग तिने फोन रंजिताच्या हातात दिला.

"सांग तिले," ती म्हणाली, "आई झोपली आहे म्हणा. दोन गोळ्या घेतल्या."

रंजिताने तसं सांगितलं. सत्यभामाबाईने भिंतीकडे तोंड केलं, पाय लांब केले आणि खरंच झोपली.